मदत हवी आहे: ऊसतोडीहून परतलेली मुलं वर्गात बोलती कशी करू?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दिवाळीच्या सुमारास आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेली काही मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अभ्यास मागे पडतोच, पण मला जास्त काळजी त्यांच्या गप्प राहण्याची वाटते. येत असलेलं उत्तरही देत नाहीत. कुणी हसलं की रडू, नाहीतर मारामारी. परिपाठात सुविचार सांगायलाही उठत नाहीत, आणि बळजबरी मला करायची नाही.

दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये ‘हॅपिनेस’ची, म्हणजे ध्यान, गोष्टी आणि गप्पांतून मुलांना स्वतःच्या भावना समजून घ्यायला शिकवणारी, तासिका सुरू झाली. तसं काही, पण दोन वर्ग एकटीने सांभाळून जमेल असं, कुणी घेतलंय का? राग ओळखायला, मनातलं सांगायला कोणते खेळ चालतात? आणि हसणाऱ्या मुलांना कसं समजावता, तेही सविस्तर लिहा.