मदत हवी आहे: ॲरिझोनाच्या कोरड्या कुरणातलं माती-धुपीचं मॉडेल डिचोलीच्या सड्यावर चालेल का?

डिचोलीची_पोर

नमस्कार मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, विषय मातीची धूप, जागा आमच्या गावावरचा सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. उतरणीला काजू, वर नुसतं गवत, गुरं चरतात, मधेमधे जांभा उघडा पडलाय. गाइड म्हणाले शेतजमिनीची सूत्रं डोळे मिटून लावू नकोस, चराऊ रानांवर वेगळं काम झालंय ते वाच, आणि मार्क निअरिंग या मातीच्या धुपीवर काम करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांचं नाव दिलं. तेव्हापासून मी टूम्बस्टोनलाच राहायला गेलेय असं आई म्हणते.

म्हणजे ॲरिझोनात त्या टूम्बस्टोन गावाजवळ वॉलनट गल्च नावाचं साधारण १५० चौरस किमीचं पाणलोट आहे, अमेरिकेच्या कृषी खात्याची माणसं १९५३ पासून तिथे पाऊस, वाहून जाणारं पाणी, गाळ सगळं मोजत बसलीत, पण पाऊस किती तर वर्षाला ३००-३५० मिमी, त्यातला निम्म्याहून जास्त जुलै ते सप्टेंबरच्या गडगडाटी सरींचा. आपल्याकडे ३००० मिमीच्या आसपास! अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या चराऊ रानांच्या डेटावरून निअरिंग आणि मंडळींनी २०११ साली रेम (RHEM) नावाचं चराऊ रानांच्या धुपीचं मॉडेल मांडलं ते मी वापरू का, की व्हायव्हाला बाहेरून येणारे सर पहिल्याच प्रश्नात उडवतील? आणि प्लॉट, म्हणजे वाहून येणारं पाणी आणि माती मोजायला चारी बाजूंनी बंद केलेले जमिनीचे तुकडे, ते कसे घालायचे, पत्र्याचे चालतील का, खर्च माझ्याच खिशातून आहे. जाणकारांनी प्लीज सांगा.

मातीवाला_म्हापसा

तिकडचे आकडे इकडे आणू नकोस, पद्धत आण.

आधी गाइड बरोबर का बोलतायत ते बघ. धूप काढायला आपण सगळे जे यूएसएलई समीकरण लावतो ते विशमायर आणि स्मिथ यांचं, १९६५ सालचं, त्याचा स्टँडर्ड प्लॉट २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा, आणि मागचा डेटा मुख्यतः रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या नांगरलेल्या शेतांचा. चराऊ रानात नांगर नाही, माती बसलेली, गवत सलग नसून थोंबाथोंबाने म्हणजे झुपक्याझुपक्याने, आणि दोन थोंबांमधली उघडी जागा हाच खरा खेळ. थेंब तिथे आपटतो, माती उडते, पातळ थराने पाणी ती घेऊन जातं. एकटंदुकटं थोंब मधे आडवं आलं तर माती तिथेच अडते, पण उघड्या जागा एकमेकींना जोडल्या गेल्या की पाण्याला सरळ रस्ता मिळतो आणि धूप एकदम वाढते. म्हणून रेममध्ये झाडोऱ्याची सावली वेगळी, जमिनीला टेकलेलं गवत वेगळं, पालापाचोळा वेगळा आणि दगड वेगळे भरायचे असतात. हे चारही तू सड्यावर मोजू शकतेस, सुतळी ताणून ठरावीक अंतरावर खाली काय आहे ते लिहीत जायचं, बस. पैसा लागत नाही, कंबर लागते.

अडचण पावसाची. रेमला पाऊस क्लायजेन नावाच्या जनरेटरमधून जातो आणि तो मुळात तिकडच्या केंद्रांवर बांधलेला आहे. रेमच्या वेब टूलमध्ये सोय म्हणून जवळपासचं काहीतरी निवडून आकडा छापलास तर सर उडवतीलच, आणि उडवावंच.

डिचोलीची_पोर

थँक यू काका. मग कोरड्या रानाचं मी जे वाचलं ते आपल्याला लागूच नाही का? तिकडे नाल्याचं पात्र वर्षभर जवळपास कोरडंच, पूर आला की बरंचसं पाणी वाळूच पिऊन टाकते आणि खाली जाईल तसा प्रवाह बारीक होतो असं वाचलं. आमच्या वाळवंटी नदीला हे सांगितलं तर हसेल ती.

पेडण्याचो_काजूकार

मी काय शास्त्रज्ञ नाही पण सडा रोज बघतो. बाय, तू ३००० मिमी धरून बसलीस तिथेच गडबड आहे. मार्च-एप्रिलला सड्यावर ये, गवत गुरांनी खाल्लेलं, उरलेलं कोणीतरी पेटवलेलं, काळी राख आणि लाल खडी, पायाखाली करकर वाजतं. त्यावर मेच्या शेवटी वळवाच्या दोन जोरदार सरी येतात तेव्हा व्हाळाला जे लाल पाणी येतं तसं पुढे जुलैच्या झडीतही येत नाही. चवथीला तर गवत कमरेएवढं, पाणी स्वच्छ. माझ्या काजूखालची माती मे-जूनमध्येच जाते, मग आम्ही चर मारतो, पण चर मारायला माणसं मिळायला हवीत ना, ती मिळतात जुलैत.

मातीवाला_म्हापसा

काजूकार भाऊंनी माझं काम केलं. डिचोलीच्या पोरी, तुझा प्रोजेक्ट हाच. वर्षभराचा आकडा काढायच्या मागे लागू नकोस. मेचा शेवट ते जूनचा शेवट एवढ्या काळात तुझा सडा म्हणजे खरोखर कोरडं कुरणच असतो, उघडी जमीन आणि अंगावर येणारी सर, तेवढ्यापुरतं ॲरिझोनाचं डोकं लागू पडतं. पुढे गवताने जमीन झाकली की ते सोडून दे. नाल्याच्या वाळूचा भाग वाच, पण थीसिसमध्ये एका परिच्छेदावर जाऊ नकोस, इकडे उलट आहे, खाली जाईल तसं पाणी वाढतं.

आणि निअरिंग यांचा दगडांवरचा पेपर सोडू नकोस, २०१७ चा. दगडाळ उतारावर बारीक माती धुऊन जाते आणि खडे मागे उरतात, रोवळीत तांदूळ धुतल्यासारखं. जिथे उतार जास्त तिथे खडबडीतपणा जास्त, आणि शेवटी पाण्याचा वेग उतारावर फारसा अवलंबून राहत नाही असं त्यांचं म्हणणं. नेहमीच्या सूत्रात उतार वाढला की धूप वाढलीच, इथे जमीन स्वतःच ब्रेक तयार करते. आपल्या जांभ्याच्या खडीवर हे कोणी तपासलेलं माझ्या बघण्यात नाही. दोन-तीन वेगळ्या उतारांवर खडीचं टक्केवारीने मोजमाप केलंस तरी एक चॅप्टर झाला.

जतची_जाई_आता_फोंड्यात

मी मूळ जतकडची, आमच्याकडे खरं कोरडं माळरान आहे, ४००-५०० मिमीवाल्यांना हे मॉडेल जास्त जवळचं, पण असो, तुझी जागा ठरलीय. प्लॉटबद्दल सांगते कारण त्यात सगळे फसतात.

२२ मीटरचा स्टँडर्ड प्लॉट घालायचा विचारही करू नकोस. त्याचं क्षेत्र ४० चौरस मीटर. एका दिवसात १०० मिमी पडला, गोव्यात जूनमध्ये पडतोच, तर प्लॉटवर ४००० लिटर पाणी, त्यातलं निम्मं जरी वाहिलं तरी २००० लिटर, म्हणजे २०० लिटरचे दहा ड्रम भरले. मग मल्टिस्लॉट डिव्हायझर लावून पाण्याचा ठरावीक हिस्साच ड्रममध्ये घ्यावा लागतो, आणि त्यात पाचोळा अडकला की हिशोब गेला. १ बाय १ मीटरचे छोटे घाल, ५० लिटरचा कॅन पुरेल, जोरात असेल तर दोन. फक्त एवढ्याशा प्लॉटमध्ये ओघळ तयार होत नाहीत, थेंबाने उडालेली आणि थराने वाहिलेली मातीच पकडतेस, हे स्पष्ट लिही आणि त्या आकड्याला उगाच हेक्टरने गुणून संपूर्ण डोंगराची धूप म्हणून सांगू नकोस.

एका ठिकाणी एकच प्लॉट नको. शेजारीशेजारी अगदी सारखे दिसणारे प्लॉटसुद्धा खूप वेगळे आकडे देतात, आणि धूप जितकी कमी तितका हा फरक जास्त, यावरही निअरिंग यांनीच काम केलंय. दोन प्लॉट लांब लांब घालण्यापेक्षा एका उतारावर चार-पाच बरे.

आणि पाऊस रोजचा नको गं, तासाचासुद्धा कमीच. अर्ध्या तासातली सर्वांत जोराची सर किती हे लागतं. टिपिंग बकेटचा गेज, म्हणजे सर किती जोराची ते आपोआप नोंदवणारा पर्जन्यमापक, डिपार्टमेंटकडून मिळतो का बघ, नाहीतर जुने गोव्याच्या आयसीएआरच्या किनारी कृषी संशोधन संस्थेत एकदा जाऊन विचार.

डिचोलीची_पोर

जाईताई, खूप खूप आभार, ड्रमचा हिशोब मी केलाच नव्हता 🙈 आणखी एक, खिळे ठोकून जमीन किती खाली गेली ते मोजायची स्वस्त पद्धत आहे ना, ती चालेल का? प्लॉटबरोबर तीही करावी म्हणते.

जतची_जाई_आता_फोंड्यात

१ मिमी माती म्हणजे हेक्टरी साधारण १३ टन, घनता १.३ धरली तर. देशाची सरासरी धूप म्हणून १९८३ पासून जो आकडा सगळे देतात तो हेक्टरी वर्षाला १६.३५ टन, म्हणजे सव्वा मिमी. तुझ्या पट्टीवर वाचण्यातली चूक एवढीच असते! ओघळीत ठोक खिळे, तिथे सेंटिमीटरने फरक दिसेल. सपाट सड्यावर नको, शिवाय जांभ्यात खिळा ठोकून दाखव आधी.

पेडण्याचो_काजूकार

पत्र्याचं काय ते कोणी बोललंच नाही. म्हशी त्यावर अंग घासणार, एका दिवसात आडवा. आमच्याकडे धनगरांची गुरं येतात, त्यांना आधी सांगून ठेव, नुसतं सांगितलं तरी ते लक्ष देतात. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची, असेल तर तिकडेही कागद टाक, नाहीतर ऐन पावसात कोणीतरी येऊन उचलून नेईल.

डिचोलीची_पोर

मग प्लॉटला काटेरी तारेचं कुंपण घालू?

मातीवाला_म्हापसा

सगळ्यांना घातलंस तर चराऊ रान कुठे उरलं? चरणं बंद झालं की महिन्यात गवत बदलतं आणि तू दुसरीच जमीन मोजत बसशील. निम्म्यांना कुंपण आत्ताच घाल, निम्मे उघडे ठेव, उघड्यांचा पत्रा पाऊस लागायच्या आधी आठवडाभर बसव आणि जमिनीत वीतभर पुर. कुंपणातला आणि बाहेरचा फरक हाच तुझा रिझल्ट होऊ शकतो. गाइडना विचारून घे आणि सुतळीचं मोजमाप गवत पेटवायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा कर, फेब्रुवारीत कधी पेटवतात ते काजूकार सांगतील.

पेडण्याचो_काजूकार

तारीख कोण सांगतो, धूर दिसला की कळतं. तुझ्या गावच्या गुराख्याचा फोन नंबर घेऊन ठेव.