मदत हवी आहे : स्पर्धा संपली, आता भाचीच्या गाण्याचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. माझी भाची (वय १६, अकरावी) एका वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचली होती. तेव्हापासून मंडळांचे फोन थांबत नाहीत. "दोन भक्तिगीतं, दोन लावण्या, बाकी पब्लिक म्हणेल ते." मानधनाचं विचारलं की, "अहो, प्रसिद्धी तिलाच मिळतेय ना!"

परवा सलग तीन तास गाऊन आली. सकाळी तंबोरा लावून बसली तर तार सप्तक (वरचे सूर) सोडाच, मधला सा सुद्धा फाटला. पोरगी रडायलाच लागली.

गुरुजी म्हणतात, सहा महिने कार्यक्रम बंद, आधी विशारद (गाण्याची पदवी-परीक्षा) पूर्ण कर. ताई म्हणते, तोवर लोक विसरतील. तिचंही खोटं नाही. २००९ ची 'लिटिल चॅम्प्स' या टीव्हीवरच्या स्पर्धेतली पंचरत्नं सगळ्यांना पाठ आहेत, २०२१ मध्ये तेच पाच जण परीक्षकांच्या खुर्चीत बसले. पण त्यांच्यानंतरच्या किती मुलांची नावं आठवतात? त्या पाचांतल्याच रोहित राऊतसारख्यालाही दहा वर्षांनी पुन्हा इंडियन आयडॉलमध्ये उतरावंसं वाटलंच की.

त्यात एका कंपनीचा तीन वर्षांचा करार आलाय. दुसरीकडे गायचं नाही आणि रॉयल्टीचा उल्लेखच नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गायकांनाही रॉयल्टीचा हक्क आहे ना? मुलगी कायद्याने अज्ञान (अल्पवयीन), म्हणजे सही ताईची. मुंबई-पुण्यात असे करार वाचून देणारा वकील कुणाच्या ओळखीत आहे का? आणि आवाजासाठी चांगले डॉक्टर? शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय त्यांना.