सोनिकची लय आमच्या टीव्हीवर संथ होती का?

मेघवाडी_१४

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन ओळींचाच आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

१९९३ साली मामा मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा आमच्यासाठी सेगा मेगा ड्राइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन, घेऊन आला. सोबत एकच कार्ट्रिज, पहिला सोनिक द हेजहॉग. लालबागला मेघवाडीतल्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. टीव्ही कपाटावर, आणि रिमोटची वायर आखूड, त्यामुळे खेळणाऱ्याने मान वर करून उभ्यानेच खेळायचं. आजी सोनिकला साळिंदर म्हणायची. कोकणात तिने रताळ्याच्या वाफ्यात साळिंदरं पाहिली होती, तिच्या दृष्टीने हा निळा झालेला त्यातलाच एक.

आमच्यात सगळ्यात चांगली खेळायची ती ताई. ग्रीन हिल, म्हणजे गेमचा सुरुवातीचा टप्पा, त्याचा पहिला भाग तिने एकदा २९ सेकंदांत संपवला. ज्यांनी खेळलाय त्यांना २९ आणि ३० मधला फरक माहीत आहे: ३० च्या आत आलात तर ५०,००० बोनस, नाहीतर एकदम १०,०००. माझ्या भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ताईने तारीख घालून ते लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात लेकीला दाखवावा म्हणून लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकला. ग्रीन हिलचं संगीत सुरू झालं आणि मी लगेच थांबलो. सूर तोच, पण लय चढलेली. बाबा आमच्या इमारतीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, मी स्वतः तबल्यावर बसतो, त्यामुळे लयीच्या बाबतीत माझा कान मला सहसा फसवत नाही. चित्रही वेगळं वाटलं. आमच्या टीव्हीवर वर-खाली काळे पट्टे असायचे आणि सोनिक जरा बसका दिसायचा. इथे तो उंच, सडपातळ.

लेकीने आठवड्याभरात ३३ सेकंदांपर्यंत मजल मारली. मग वहीतलं पान बघून म्हणाली, "बाबा, आत्याचा गेम स्लो होता ना, मग तिचा रेकॉर्ड कसा धरायचा?" ताई तेव्हा फोनवर होती. ती काहीच बोलली नाही, आणि ते मला लागलं.

तर, आमचा गेम खरंच संथ होता का? आणि असेल तर ते २९ खरे मानायचे की नाही?

आसावरी_के

मला वाटतं हा आठवणीचा भाग असावा. मी अलीकडे गिरगावातल्या आमच्या जुन्या शाळेत गेले होते, लहानपणी केवढा मोठा वाटणारा जिना आता चार ढांगांत संपला. तीस वर्षांपूर्वीची लय डोक्यात जशीच्या तशी कशी राहील?

मेघवाडी_१४

आसावरीताई, शंका रास्त आहे. मलाही तीच आली, म्हणून काल माळा उपसला. त्या काळी ताईने टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर धरून ग्रीन हिलचं संगीत कॅसेटवर भरून घेतलं होतं. ती कॅसेट सापडली. मागे आईच्या कुकरच्या शिट्ट्या आहेत आणि "अगं, दार लाव" असा बाबांचा आवाज आहे.

टेप लावून मांडीवर मात्रा मोजल्या, मग लॅपटॉपवर मोजल्या. टेपवर पाच मात्रा होतात तेवढ्या वेळात लॅपटॉपवर सहा होतात. तीन वेळा करून पाहिलं. पेटीवर सूरही लावून बघितला, दोन्हीकडे पट्टी तीच.

सोल्डरगन

तुम्ही पेटी लावलीत तिथेच उत्तर मिळालं. टेपरेकॉर्डर हळू चालत असता तर लयीबरोबर सूरही खाली उतरला असता. सूर जागच्या जागी आणि लय पाचास सहा, म्हणजे टेप चोख आहे आणि तुमचा कानही.

मी लॅमिंग्टन रोडच्या परिसरात बरीच वर्षं रिपेअरिंग करतोय, मेगा ड्राइव्ह पुष्कळ उघडलेत. कारण सांगतो.

आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचे होते, मस्कतलाही तेच. पालमध्ये पडद्यावर सेकंदाला ५० वेळा चित्र येतं. जपान-अमेरिकेत एनटीएससी, तिथे ६० वेळा. सोनिक आला १९९१ च्या जून-जुलैत, आधी अमेरिकेत आणि मग जपानमध्ये, म्हणजे बनवताना हिशेब ६० चाच होता. हा गेम दर चित्राला एक पाऊल पुढे सरकतो. सोनिकची धाव, उडी, शत्रूची हालचाल, सगळं त्या ठोक्यावर बांधलेलं. संगीताचा पुढचा स्वर कधी लावायचा तेही त्याच ठोक्यावर. ठोके ६० चे ५० झाले की धाव आणि धून दोन्ही साधारण १७ टक्के मंदावतात. पाचास सहा हे प्रमाण तिथूनच येतं.

सूर मात्र यामाहाची वायएम२६१२ ही चिप तयार करते, आणि ती टीव्हीच्या ठोक्यावर चालत नाही, मशीनच्या मुख्य क्लॉकवर चालते. त्यातून तिला मिळणारा ठोका पाल मशीनमध्ये ७.६० मेगाहर्ट्झ, एनटीएससीमध्ये ७.६७. फरक एक टक्क्याच्याही आतला. तबलजी विलंबित धरून बसला तरी पेटी सुरातच राहते, तसं समजा.

काळे पट्टे: गेमचं चित्र २२४ ओळींचं, आणि पालच्या पडद्यावर एनटीएससीपेक्षा ओळी जास्त. उरलेली जागा वर-खाली काळी राहते आणि चित्र दबतं, म्हणून सोनिक बसका. तुमचा टीव्ही बिघडला नव्हता.

आता मुख्य मुद्दा, ताईंचा रेकॉर्ड. गेममधलं घड्याळ खरे सेकंद मोजत नाही, चित्रं मोजतं. ६० चित्रं झाली की एक सेकंद पुढे. तुमच्याकडे ६० चित्रं यायला १.२ सेकंद लागत होते. पडद्यावर २९ दिसले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात ३५ च्या आसपास झाले असणार. पण सोनिक तेवढीच पावलं चालला. अमेरिकेतल्या मुलाचे २९ आणि तुमच्या ताईंचे २९ गेमच्या हिशेबात अगदी एक आहेत. लेकीला सांगा, घड्याळही त्याच प्रमाणात हळू होतं, आत्याला त्यात एक पाऊलही फुकट मिळालेलं नाही.

एवढं मात्र मान्य करायला हवं की हाताला सवड जास्त होती. खड्डा दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत जो वेळ मिळतो, तो तुमच्याकडे पाचवा हिस्सा जास्त. म्हणून तुलना करायचीच तर दोघींना एकाच ठोक्यावर खेळवा. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये रिजन, म्हणजे कुठल्या देशाचं मशीन धरायचं ते, बहुधा 'ऑटो' असेल, ते 'युरोप' करा. कार्ट्रिजमधला प्रोग्रॅम सगळ्या देशांच्या मशीनवर चालणारा आहे, त्यामुळे ऑटोवर ठेवलं की एम्युलेटर ६० धरून मोकळा होतो.

कुर्ला_नेहरूनगर

माझ्याकडे मेगा ड्राइव्ह नव्हता, पिवळ्या कार्ट्रिजवाला टीव्ही गेम होता. त्यात एक गेम होता ज्यात हीच हिरवी टेकडी, हेच सोनेरी रिंग, हाच गोल फिरणारा रस्ता, आणि धावतो मात्र मारिओ! कित्येक वर्षं मला तेच मूळ वाटायचं. नंतर कळलं की त्याचं नाव सोमारी, १९९४ चा विनापरवाना गेम. पाण्याखालचा लॅबिरिंथ झोन त्यात नव्हताच. खरा सोनिक मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा पाण्यात उतरलो, ती धाप लागल्यासारखी चढत जाणारी धून सुरू झाली, आकडा पाचावरून खाली येऊ लागला आणि मी रिमोट खालीच ठेवला. हवेचे बुडबुडे घ्यायचे असतात हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

@सोल्डरगन, बुडायला लागणारा वेळही मग आपल्याकडे जास्त होता का?

सोल्डरगन

हो. पाण्याखाली श्वास पुरतो ते ३० सेकंद पण चित्रांवरच मोजलेले. पाल मशीनवर खरे ३६ मिळतात. आणि १९९२ च्या सोनिक २ मध्ये पाल मशीनवर संगीताचा वेग सांभाळून घेतला आहे, म्हणजे धून बरोबर लयीत वाजते, खेळ मात्र संथच. ज्यांच्याकडे दोन्ही होते त्यांनी आठवून बघा.

आसावरी_के

माझं म्हणणं मागे घेते. कॅसेटवर कुकरची शिट्टी आहे हे वाचून फार बरं वाटलं.

एक विचारायचं राहिलं. माझा भाचा हाच गेम मोबाइलवर खेळतो. त्याचे सेकंद बरेच कमी येतात. तेही याच कारणाने का?

सोल्डरगन

नाही, मोबाइलवरचा गेम २०१३ चा, तो ख्रिश्चन व्हाइटहेड या प्रोग्रॅमरने नव्याने बांधलेला आहे. त्यात जागच्या जागी गोळा होऊन सुसाट सुटायची चाल आहे, स्पिन डॅश. ती मुळात सोनिक २ मध्ये आली, पहिल्या सोनिकमध्ये वेग घ्यायचा तर पाय चालवूनच घ्यावा लागतो. ती चाल वापरून काढलेला आकडा ताईंच्या वहीशेजारी लावू नका.

मेघवाडी_१४

सोल्डरगनदादा, तुमचे आभार कसे मानू. 'युरोप' केलं. धून सुरू झाली आणि हात आपोआप मांडीवर गेला. कॅसेट आणि लॅपटॉप एकाच वेळी सुरू केले, तर कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत दोन्ही जोडीने चालले, मग टेप किंचित मागे पडली. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारते, "मेघवाडीतला टीव्ही लावलास का?"

मूळ मशीनही माळ्यावर निघालं, पण अडॅप्टर नाही. घरात राउटरचा ९ व्होल्टचा पडलाय, तो चालेल का?

सोल्डरगन

थांबा, तो लावू नका! तुमचा मॉडेल १ असेल, म्हणजे मोठा, हेडफोनची सरकती पट्टी असलेला, तर त्याला ९ व्होल्ट १.२ अँपिअर लागतात आणि पिनच्या आतला भाग निगेटिव्ह असतो. राउटरचे अडॅप्टर बहुतेक उलटे, आत पॉझिटिव्ह. लहान चौकोनी मॉडेल २ असेल तर त्याचं उलट, १० व्होल्ट ०.८५ अँपिअर, आत पॉझिटिव्ह आणि पिनही निराळी. मल्टिमीटर लावून खात्री केल्याशिवाय सप्लाय देऊ नका. तीस वर्षं बंद पडलेलं मशीन आहे, आधी उघडून कपॅसिटर कुठे गळलेत का तेही बघा.

मेघवाडी_१४

मॉडेल १ आहे. उघडून घेतो, मगच सप्लाय देईन.

रविवारी ताई बदलापूरहून आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, लेकीनेच तिला बसवून सगळं समजावलं, ६० चित्रं, ५० चित्रं, घड्याळ, राउटरच्या अडॅप्टरसकट. ताई ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे माझे २९ हे २९च." आणि उभी राहिली. खुर्ची असताना उभ्याने खेळली, लॅपटॉप आम्ही कपाटावर ठेवला.

युरोपवर पहिल्या फेरीला ताईचे ४१. शेवटच्या वळणाआधी वरच्या रस्त्याने जायचं असतं ते तिला चौथ्या फेरीला आठवलं, आणि मग ३४, ३२. लेकीचे त्याच सेटिंगवर ३०. एका सेकंदाने ५०,००० हुकले, आत्या आणि भाची दोघी एकदमच ओरडल्या. त्यानंतर ताईने वही मागून घेतली आणि स्वतःच्या ओळीखाली लेकीकडून लिहून घेतलं: तारीख, ३० सेकंद, युरोप.

कॅसेटची फीत आता एका ठिकाणी दुमडली आहे. दादर ते ठाणे पट्ट्यात कॅसेटवरचा आवाज नीट उतरवून देणारं कुणी माहीत असेल तर कळवा. बाबांचा आवाज आमच्याकडे तेवढाच आहे.