जुने हॅमर्ली की नवे पार्डिनी?

इंदूरच्या ज्या नेमबाज मित्राने वापरलेले हॅमर्ली २०८ एस घ्यावे की नवे पार्डिनी एसपी (दोन्ही स्पर्धेची .२२ पिस्तुले), असे विचारले आहे, त्यांनी पिस्तुलाच्या वयाआधी चेंबरचे, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेचे, तोंड पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. या पिस्तुलांना लागणाऱ्या रिमफायर काडतुसाचे पेट घेणारे मिश्रण त्याच्या बुडाच्या कडेत असते. त्यामुळे रिकामे पिस्तूल वारंवार चालवले गेले असेल, तर फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी पिन) चेंबरच्या काठावर आदळून तिथे बारीक खाच पडू शकते आणि मग काडतुसे अडकू लागतात. हॅमर्लीचा ट्रिगर आजही अप्रतिम वाटतो, पण त्याचे उत्पादन बंद असल्याने सुट्या भागांची सोय आधी पाहावी. स्पर्धेसाठी ट्रिगरचा भार, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान १००० ग्रॅम हवाच. .२२ शॉर्ट या आखूड काडतुसाचे, रॅपिड फायर (वेगवान नेमबाजी) स्पर्धेचे जुने पिस्तूल मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण २००५ पासून त्या स्पर्धेतही .२२ लाँग रायफल काडतूसच चालते.