'विविध गरजू व्यक्ती' म्हणजे कोण? आणि संगीतोपचार की संगीतचिकित्सा?

प्रश्नकर्ती, कोथरूड

एका संस्थेच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करताना मी अडले आहे. स्वमग्न मुले, पक्षाघातानंतर वाचा गेलेली माणसे, पार्किन्सनचे रुग्ण आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध या सर्वांसाठी ही संस्था संगीताचा उपयोग करते. मी मथळा 'विविध गरजू व्यक्तींसाठी संगीतोपचार' असा केला होता. मसुदा वाचून सासूबाईंनी 'हे गरिबांसाठी मोफत आहे का?' असे विचारले, तेव्हा चूक ध्यानात आली. 'गरजू' म्हटले की आपल्याला वह्या-पुस्तकांचे वाटप आठवते. 'विशेष गरजा असलेली मुले' हा प्रयोग शाळांमध्ये रुळला आहे, परंतु पंचाहत्तरीच्या आजोबांना तो लावताना मला संकोच वाटतो. त्यातच संपादकांनी 'संगीतोपचार' खोडून 'संगीतचिकित्सा' केले आहे. या दोन्ही ठिकाणी आपण काय लिहाल?

निवृत्त संस्कृत शिक्षक, सदाशिव पेठ

संपादकांचे योग्य आहे. 'चिकित्सा' हा शब्द 'कित्' धातूला 'सन्' प्रत्यय लागून होतो. पाणिनीचे 'गुप्तिज्किद्भ्यः सन्' हे सूत्र त्यासाठीच आहे आणि व्याधीचे निवारण हा त्याचा अर्थ ठरलेला आहे. 'उपचार' हा त्यामानाने सैल शब्द आहे. 'गरज' तर अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ हेतू असा आहे, आणि स्वार्थाची छटाही त्याला चिकटलेली आहे. 'गरजवंताला अक्कल नसते' असे म्हणणाऱ्या भाषेत तो आदराने वापरता येईल, असे मला वाटत नाही. 'भिन्न आवश्यकता असलेल्या व्यक्ती' असे लिहावे.

सहकारनगर

सर, आपल्याविषयी आदर राखून असहमती नोंदवतो. पुण्यात 'चिकित्सक' म्हटले की मला प्रथम भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते, म्हणजे पाठ तपासणे, पारखणे आणि प्रक्षिप्त भाग बाजूला काढणे. 'ती फार चिकित्सक आहे' असे आपण जिच्याविषयी म्हणतो, ती कोणाला बरे करत नसते. व्याधिनिवारणाचा अर्थ 'जिल्हा शल्यचिकित्सक' यासारख्या पदनामांत टिकून आहे, पण घरात आपण 'औषधोपचार' आणि 'प्रथमोपचार' असेच म्हणतो.

'उपचार' मला सैल वाटत नाही, तो जुना आणि भरीव वाटतो. उप अधिक चर्, म्हणजे जवळ जाणे. षोडशोपचार पूजेतला उपचार तोच, आणि राजोपचारांत तर छत्र-चामरांबरोबर गीत, वाद्य आणि नृत्यही देवापुढे रुजू केले जाते. संगीत हा उपचार आहे, ही कल्पना आपल्या देवघरात आधीपासूनच आहे. 'थेरपी' ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचाही जुना अर्थ सेवा असाच आहे.

भौतिकोपचारतज्ज्ञ, औंध

देवघराची उपमा सुंदर आहे, पण माझ्या कामाला ती लागू पडत नाही. पार्किन्सनच्या रुग्णाचे पाऊल दारात किंवा वळणावर जमिनीला खिळल्यासारखे अडकते. अशा वेळी मेट्रोनोमचा, म्हणजे एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्राचा, किंवा तबल्याचा ठराविक ठेका ऐकवला, की पुष्कळ जणांचे पाऊल त्या ठोक्यावर उचलले जाते आणि चालीत नियमितपणा येतो. मेंदूचे आतले घड्याळ बिघडल्यामुळे बाहेरच्या ठोक्याचा आधार घ्यायचा, हे त्यामागचे तत्त्व आहे. येथे गाणे गोड असण्यापेक्षा लय पक्की असणे महत्त्वाचे असते. याला मी व्यायाम म्हणेन. माझे रुग्ण 'थेरपीला जाऊन येतो' असे म्हणतात, आणि हा शब्द मराठी नाही असे त्यांना कधी वाटलेले नाही.

धनकवडी

मी एका नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाची आई आहे, म्हणून मला हे दोन्ही शब्द टोचतात. व्याधी असेल तर चिकित्सा आणि आजार असेल तर उपचार; माझा मुलगा आजारी नाही. तो टेबलावर बोटे आपटायचा, तेव्हा त्याच्या संगीतवर्गातल्या शिक्षिका ताई त्याला थांबवत नसत. त्या आधी नीट ऐकून घेत आणि मग तोच ठोका पेटीवर वाजवून त्याला परत देत. सातव्या की आठव्या दिवशी तो थांबला आणि त्यांच्याकडे वळून वाट पाहू लागला. मुलाच्या आवाजाला सुरांनी उत्तर देण्याची ही रीत पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष शिक्षक यांनी १९५९ पासून घडवली, हे मला पुढे वाचनातून समजले.

याच प्रकारच्या संगीताचा नऊ देशांतील ३६४ मुलांवर केलेला मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, आणि स्वमग्नतेच्या लक्षणांची तीव्रता मोजल्यावर नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत त्यात फरक आढळला नाही. हे ठाऊक असूनही मी मुलाला तेथे नेते, कारण लक्षणे कमी करणे हा माझा हेतू नाही. त्याने कोणाची तरी वाट पाहावी, हा आहे. 'चिकित्सा' लिहिलेत, तर माझ्यासारखे पालक बरे होण्याची आशा धरून येतील.

गायन शिक्षक, शनिवार पेठ

या ताईंच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. 'संगीतचिकित्सा' हा शब्द आला, की पाठोपाठ अमुक राग रक्तदाबावर आणि तमुक राग निद्रानाशावर अशी यादी येते. मी चाळीस वर्षे राग शिकवतो आहे, त्यांच्यावर माझे प्रेम आहे, पण गोळीसारखे त्यांचे वाटप झालेले मला पाहवत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या बाबतीत त्यांच्या तरुणपणीची, ओळखीची गाणी अधिक पोहोचतात, मग ती जात्यावरची ओवी असो की लावणी. शार्ङ्गदेव या संगीतशास्त्रकाराने तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीत गीत, वाद्य आणि नृत्त या तिघांना मिळून संगीत म्हटले. तेव्हा पत्रकातल्या 'संगीत' या शब्दात ठेक्यावर चालणेही खुशाल बसवावे.

निवृत्त संस्कृत शिक्षक, सदाशिव पेठ

धनकवडीच्या ताईंचे लिहिणे मी दोनदा वाचले. त्यांना पटेल असा एक शब्द सुचवतो. मी वर ज्या 'सन्' प्रत्ययाचा उल्लेख केला, तोच 'श्रु' धातूला लागून 'शुश्रूषा' होतो. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. जो ऐकू इच्छितो तो सेवा करतो, म्हणून सेवा हा अर्थ मागाहून आला. मुलाचा ठोका आधी ऐकून घेणाऱ्या त्या शिक्षिका अक्षरशः शुश्रूषा करत होत्या. म्हणून 'संगीतशुश्रूषा' असे म्हणावे.

भौतिकोपचारतज्ज्ञ, औंध

सर, व्युत्पत्ती मनाला भिडली, परंतु मराठीत शुश्रूषा ही अंथरुणाला खिळलेल्या माणसाची करतात. माझ्या रुग्णांना मी उठवून चालवते. पत्रकावर हा शब्द पाहून ते घरीच थांबतील.

धनकवडी

मला तो शब्द आवडला. पत्रकावर नसला तरी मुलाच्या वहीवर मी तो लिहून ठेवला आहे.

वारजे

याच विषयातली माझीही एक अडचण मांडतो. पक्षाघातानंतर वडिलांना 'पाणी' हा शब्द उच्चारता येत नव्हता, पण पाढे ते शाळेतल्या चालीवर सलग म्हणत. मग त्यांच्या वाणीतज्ज्ञांनी 'पाणी हवे' हे दोन सुरांत म्हणायला आणि प्रत्येक अक्षरासरशी डाव्या हाताने मांडीवर ठोका द्यायला शिकवले. ही पद्धत बोस्टनच्या संशोधकांनी १९७३ साली मांडली, असे त्यांनी सांगितले. तिला मराठीत काय म्हणावे? 'गाऊन बोलणे' म्हटले तर वडील हाताने नकार देतात, कारण गाणे आपल्याला येत नाही यावर ते आजही ठाम आहेत.

निवृत्त संस्कृत शिक्षक, सदाशिव पेठ

'सस्वर भाषण' कसे वाटते?

गायन शिक्षक, शनिवार पेठ

'सस्वर' म्हटले की वेदपठण डोळ्यांपुढे येते. 'चालीवर बोलणे' म्हणावे. पाढ्यांना चाल असतेच, आणि त्यासाठी गाणे येण्याची अट नाही.

प्रश्नकर्ती, कोथरूड

सर्वांची ऋणी आहे. 'चालीवर बोलणे' मी घेते आहे. मथळ्यातली 'गरजू' ची जागा मात्र अजून रिकामीच आहे, आणि मजकूर शुक्रवारी छपाईला जायचा आहे.