लाल मातीवर नक्षीकाम: फ्रिट (वितळवून दळलेली काचेची पूड) कोणतं, किती?

बापटकॅम्प_कोल्हापूर: लाल मातीचं बिस्क (एकदा भाजलेलं कोरं भांडं), त्यावर ब्रशनं नक्षी, वरून पारदर्शक ग्लेझ (काचेसारखा लेप), भट्टीचं तापमान कोन ०४ (साधारण १०६० अंश सेल्सिअस). मिश्रण सगळ्या रंगांना एकच: स्टेन (तयार रंगाची पूड) ४० भाग, फेरो कंपनीचं ३१३४ क्रमांकाचं फ्रिट २०, केओलिन (पांढरी चिकणमाती) ४०. काळ्या रेषा पसरतात. गुलाबी भाजल्यावरही बोटाला लागतो, त्यावरचं ग्लेझ मागं सरकतं. फ्रिट बदलू की प्रमाण?

भट्टीवाला: दोन्ही. काळ्या स्टेनमधले मँगनीज, कोबाल्ट, लोह स्वतःच वितळायला मदत करतात, त्याला १० भाग फ्रिट पुरे. गुलाबीला २५, मग ३० करून बघा. जेवढं वाढवाल तेवढं केओलिन कमी. चाचणीचा तुकडा ग्लेझ न लावता भाजा. नखानं रंग निघता कामा नये, पण पाण्याचा थेंब शोषला पाहिजे. चकाकी आली तर फ्रिट जास्त झालं; तिथं ग्लेझ धरणार नाही.

मातीकाम_ताई: काळ्यासाठी ३१२४ घ्या. ३१३४ मध्ये बोरॉन ऑक्साइड सुमारे २३ टक्के आणि अ‍ॅल्युमिना जवळजवळ नाही, म्हणून ते लवकर पातळ होतं आणि रेषेची कड सुटते. ३१२४ मध्ये अ‍ॅल्युमिना १० टक्क्यांच्या आसपास, ते घट्ट राहतं. गुलाबी क्रोम-टिनचा (क्रोमियम आणि कथलाचा) असेल तर त्याला चुना लागतो, तो दोन्हींत आहे. ३२४९ मात्र नको, त्यातल्या मॅग्नेशियमनं गुलाबी मरतो. वरच्या ग्लेझमध्ये जस्त आहे का तेही बघा की! जस्तानं गुलाबी फिका पडतो आणि क्रोमचा हिरवा तपकिरी होतो.

भट्टीवाला: ताईंचं बरोबर. ग्लेझ सरकण्यामागं कच्चं केओलिनही आहे. बिस्क आकसत नाही, ४० भाग केओलिन वाळताना आकसतं, पापुद्रा सुटतो. निम्मं केओलिन बिस्कच्या भट्टीतच वाडग्यात भाजून घ्या. भाजल्यावर वजन १२ ते १४ टक्के घटतं, म्हणून भाजल्यानंतरच तोला.

बापटकॅम्प_कोल्हापूर: शिश्याचं फ्रिट स्वस्तात मिळतंय, रंगही खुलतो म्हणे. चालेल?

मातीकाम_ताई: नको दादा, खाण्यापिण्याच्या भांड्यांना अजिबात नको. शिसं आंबट पदार्थात उतरू शकतं, आणि तोलताना धूळ तुमच्याच छातीत जाते. बिनशिश्याचं असलं तरी मास्क लावूनच तोला. रंग सहज न पसरता ब्रश अडकत असेल तर कोरड्या वजनाच्या अर्धा टक्का सीएमसी (डिंकासारखी पूड) कोमट पाण्यात रात्रभर भिजवून घाला, १०० मेशच्या बारीक चाळणीतून गाळा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे मिश्रण लवकर कुजतं, थोडंथोडंच करा.