तलावात गवत लावून मासे वाढतात का?

तळ्याकाठचा: काल एकानं लिहिलं, 'ढिवर बाया चिखलात गवत लावत बसतात, त्यापेक्षा रोहूचं बीज सोडा, पैसा दिसेल.' वाचून राहवलं नाही. ढिवर म्हणजे आमच्याकडचे मासेमार, बीज म्हणजे माशांची बारीक पिल्लं. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांत मी या बायांसोबत राबलोय. उन्हाळ्यात बेशरम हे माजलेलं तण मुळासकट उपटायचं, कोरडा काठ नांगरायचा, पाणी आलं की दुसऱ्या तलावातून आणलेलं देवधान आणि चिला हे पाणगवत खोचायचं. रोहू-कटला साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, बीज दरसाल विकत. मरळ मात्र गवतातच घरटं करते. लालसर पिल्लांचा झुबका पाण्यावर फिरतो, खाली आईबाप राखणीला. मी पाहिलंय.

सोसायटीवाला: ते मीच लिहिलं. सोसायटीनं घेतलेल्या तलावाची लीज कोण भरते, तुमची पिल्लं? रोहू वर्षात किलोभर होतो. मरळ आमचंच बीज गिळते.

तळ्याकाठचा: बोटाएवढं मोठं बीज सोडा, मग कमी गिळेल. आणि ग्रासकार्प कोणी सोडला? लावलेलं गवत त्यानं महिन्यात फस्त केलं.

पाळीवरचा: गवताचं सोडा, काठच कुठं उरलाय? २०१७ पासून सरकारची गाळ काढायची 'गाळमुक्त धरण' योजना चाललीय. आमच्या तलावात पोकलेननं काठ उभा कापला. जिथं गुडघाभर पाण्यात मासे अंडी घालायचे, तिथं आता पुरुषभर खड्डा.

धानकरी: म्हणजे गाळ काढूच नये? माझं शेत शेवटच्या टोकाला. ऐन लोंबीवर धान असताना तुडुमातून, म्हणजे तलावाच्या पाणी सोडायच्या दारातून, पाणी येणं बंद झालं. डोळ्यांदेखत वाळलं. मासे मोजणाऱ्यांनी माझ्या बांधावर येऊन बोलावं!

पाळीवरचा: आवाज चढवू नका. मधे खोल करा, काठाचा उतार राहू द्या, एवढंच म्हणतोय. कोहळी समाजानं तलाव बांधले ते धानासाठीच, हे मलाही ठाऊक आहे. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, गेली, तलाव सरकारकडे गेले, तेव्हापासून गावाला कोणी विचारतच नाही.

धानकरी: उतार ठेवून पाणी पुरत असेल तर माझी हरकत नाही. पण आधी पाणी.

ढिवराची लेक: भाऊ, माझी आई हातानं चापडून मरळ धरायची. लहानपणी घरी मासोळी विकत आणलेली आठवत नाही. आता बाजारात मरळ रोहूहून महाग, आम्हीच घेऊ शकत नाही. बीज मोठ्या माशाचं, जाळं मोठ्यांचं, काठाकाठानं धरणाऱ्या बायांच्या वाट्याला काय?

सोसायटीवाला: ताई, तुमच्या आईचं बोलणं खोटं म्हणत नाही. यंदा ग्रासकार्प सोडत नाही. रोहू सोडणारच.